शेवटी वाजणारा फोन

स्कॉटिश दिग्दर्शक बिल फोर्साइथच्या सिनेमात फारसं काही घडत नाही, असं कोणी म्हटलं तर मला ते पटत नाही. घडतं, पण कडेकडेने. 'ग्रेगरीज गर्ल'मध्ये (१९८१) पेंग्विनचा पोशाख घातलेलं एक पोर शाळेभर फिरत राहतं. का, ते कोणी सांगत नाही आणि सांगूही नये.

'लोकल हिरो' (१९८३) तर मी कितीदा पाहिलाय! ह्यूस्टनच्या तेल कंपनीचा मॅक अख्खं गाव विकत घ्यायला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर येतो. दुसऱ्या कोणा दिग्दर्शकाने गावकऱ्यांना मोर्चा काढायला लावला असता. इथे त्यांना गाव विकायची घाई, आणि जीव अडकतो तो मॅकचाच. फोर्साइथ या माणसांना लोभी ठरवत नाही, म्हणून ती इतकी आपली वाटतात. त्यात मार्क नॉफ्लरचं संगीत. शेवटी मॅक घरी परततो आणि गावातल्या त्या लाल टेलिफोन बूथमधला फोन वाजू लागतो. माझे डोळे दरवेळी भरून येतात.

'कम्फर्ट अँड जॉय'ही (१९८४) जरूर बघा. ग्लासगोतल्या आइस्क्रीमच्या गाड्यांचं भांडण आहे, पण मला त्यात एकट्या पडलेल्या माणसाचं दुःखच जास्त दिसलं.