मदत हवी आहे: एल्कच्या शिकारीला दाजींसोबत कोलोरॅडोत जायचंय, बीडमधून काय तयारी करू?

बालाघाटी:
नमस्कार मंडळी. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद, त्यामुळे इथं विचारावं तरी कुणाला? दाजी कोलोरॅडोत असतात, त्यांना ऑक्टोबरमधला एल्कच्या (सांबरासारखं मोठं हरीण) शिकारीचा रायफल परवाना मिळालाय. मी टुरिस्ट व्हिसावर जाणार, शिकार करणार नाही, सोबतीला आणि सामान वाहायला. पाच रात्री तंबूत, उंची 3000 मीटरच्या आसपास, गाडीरस्त्यापासून 6-7 किमी आत. वय 41, रोजचं चालणं आहे पण सपाटीवर. बूट, कपडे, स्लीपिंग बॅग इथून घ्यावी का तिकडं? दाजी म्हणतात "मांस उतरवायला माणूस पाहिजे". म्हणजे नेमकं किती वजन?

डोंगरवाट:
शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकी सगळं त्यावरच ठरतं. मोठा नर 300 किलोच्या घरात असतो. हाडं काढून निव्वळ मांस 90-100 किलो निघतं. हाडं नाही काढली तर मागचा एकेक पायच 25-30 किलोचा. दोघं असाल तर प्रत्येकी दोन-तीन खेपा, आणि एक खेप म्हणजे जाऊन-येऊन 14 किमी. खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं तिथं गुन्हा आहे, त्यामुळे "जमेल तेवढं आणू" चालत नाही. जनावर खोल दरीत उभं असेल तर गोळी झाडायच्या आधी खेपा मोजा, हे दाजींना आत्ताच सांगून ठेवा.

म्हणून सराव वजन घेऊन उतरायचा करा. चढताना दम लागतो, तो बसला की जातो. उतरताना गुडघे आणि पायाची नखं जातात, ती काही बसून परत येत नाहीत. बालाघाटातला कुठलाही चढ चालेल. अधूनमधून दौलताबाद करा, किल्ल्याची टेकडी सुमारे 200 मीटरची आहे, लागोपाठ दोनदा चढ-उतर करा. पाठीवर 8 किलोपासून सुरुवात, आठवड्याला 2 किलो वाढवत 20 पर्यंत. वजनाला पाण्याच्या बाटल्या भरा, गुडघा बोलायला लागला की वर पाणी ओतून मोकळं होता येतं. ज्वारीचं गाठोडं टाकू नका, ते सॅकच्या तळाला बसतं आणि खांदे मागं ओढतं.

जनावर पडलं की पहिलं काम कातडं काढणं. बाहेर बर्फ असला तरी त्या जाड कातड्याखाली उष्णता कोंडून राहते आणि मांडीच्या हाडालगतचं मांस आधी नासतं. वरून लालबुंद, आत हाडाशी हिरवट आणि आंबूस वास. पोट न फोडताही काम होतं: जनावर कुशीवर ठेवून पाठीच्या कण्यापासून कातडं खाली सोलायचं, पुढचा पाय, मागचा पाय, पाठीची लांब पट्टी, मानेचं मांस काढायचं, मग दुसऱ्या कुशीवर उलटवायचं. नराचा परवाना असेल तर नर असल्याचा पुरावा (जननेंद्रियाचा भाग) मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेलाच राहू द्यावा लागतो, घाईत कापून टाकू नका. मांस हवा खेळती राहील अशा कापडी पिशव्यांत भरून सावलीत फांदीला टांगा. प्लास्टिकमध्ये अजिबात नको, घाम सुटून तिथंच सडतं.

गोदाकाठचा:
बूट इथूनच घ्या आणि आजपासून घाला. नवे बूट घेऊन विमानात बसलात तर दुसऱ्या दिवशी टाचा सोलल्याच म्हणून समजा. नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा, घोट्याच्या वरपर्यंत, आत लोकरीचे मोजे. दुकानात उतारावर उभं राहून बघा, अंगठा पुढं टेकला नाही पाहिजे.

कापूस आपल्या रानात शोभतो, तिथं अंगावर नको. सुती बनियन आणि जीन्स घामानं भिजली की वाळतच नाही, आणि थांबल्यावर हुडहुडी तिथूनच भरते. आतून लोकर किंवा पॉलिस्टर, त्यावर फ्लीस, थांबल्यावर घालायला पफी जॅकेट, वर पावसाचं.

स्लीपिंग बॅग तिकडं घ्या. पाकिटावर तापमानाचे दोन आकडे असतात, 'लिमिट' सोडा, 'कम्फर्ट' बघा, उणे 10 अंशांच्या आसपासची घ्या. खालची मॅट स्वस्तातली घेतली तर बॅग कितीही भारी असो, जमिनीची थंडी येतेच. मॅटची आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याचं माप) 4 च्या वर हवी.

पाण्याचा फिल्टर एकदा ओला झाला की रात्री बॅगेत पायाशी घेऊन झोपायचं. आतल्या बारीक नळ्या गोठून फुटतात, बाहेरून कळत नाही, आणि गाळल्यासारखं वाटणारं पाणी गाळलेलं नसतं.

विमानवाला:
दोन-तीन गोष्टी महत्त्वाच्या. नॉन-इमिग्रंट व्हिसावर (टुरिस्ट व्हिसा त्यातलाच) असताना, वैध शिकार परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक जवळ बाळगायला अमेरिकी केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. "जरा धरतो का" म्हणून दाजींनी रायफल पुढं केली तरी हात लावू नका. रायफल शिकाऱ्याला कमरेच्या वर 500 चौरस इंच चमकता नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि डोक्यावरही तोच लागतो. तुम्हीही घाला, गोळ्या दाजींच्या एकट्याच्या नसतात.

गॅसचं नळकांडं कुठल्याच सामानात चालत नाही. चाकू आणि काठ्या चेक-इनमध्ये, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. गार्मिनचं इनरीच सॅटेलाइट यंत्र तिकडून भेट मिळालं तरी आणू नका, आपल्याकडं परवानगीशिवाय असली यंत्रं बाळगता येत नाहीत, विमानतळावर अडकवतात.

बालाघाटी:
भारी माहिती, आभार. खायला काय न्यावं? आणि उंचीवर डोकं दुखतं म्हणतात.

डोंगरवाट:
3000 मीटरवर पाणी 90 अंशालाच उकळतं, कुकर नसेल तर तूरडाळ शिजता शिजत नाही आणि गॅस संपतो. भाजलेले पोहे, सातूचं पीठ, शेंगदाणा-गुळाचे लाडू, चिक्की. माणशी दिवसाला 800-900 ग्रॅम कोरडं सामान धरा. जे न्याल ते विमानातून उतरल्यावर कस्टमला डिक्लेअर करा. काळी अस्वलं असतात, खाणं तंबूत ठेवू नका.

वर जायच्या आधी 2400 मीटरच्या आसपास दोन रात्री काढा. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या किंवा चालताना तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

बालाघाटी:
आणि शिंगं? पोरानं मागितलीत.

विमानवाला:
वन्यप्राण्यांचे अवयव आयात करायला बंदी आहे, कस्टममध्ये जातील. दाजींच्या भिंतीला लावा, पोराला व्हिडिओ कॉलवर दाखवा.