मदत हवी आहे: जांभ्याच्या जुन्या भिंतीवर लाकडी पट्ट्या आणि खुंटाळे घट्ट कसे बसवावे?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या जुन्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या असून बांधकाम मातीत केलेले आहे आणि वर चुन्याचा गिलावा आहे. गिलाव्याची जाडी सर्वत्र सारखी नाही; जेथे पोपडा निघाला आहे तेथे ती २५ ते ३५ मिमी भरते. माजघरात जमिनीलगत सागवानी स्कर्टिंग, ओटीवर खुर्च्यांच्या पाठी घासून गिलावा झिजतो त्या उंचीवर एक आडवी पट्टी आणि पडवीत खुंटाळे, अशा तीन गोष्टी बसवायच्या आहेत. पहिल्या दोहोंवर भार असा नाहीच. खुंटाळ्यावर मात्र पावसाळ्यात ओले रेनकोट, छत्र्या आणि पिशव्या लटकणार, त्यामुळे खरी चिंता त्याची आहे.

सुताराने नमुन्यादाखल एक पट्टी हॅमर ड्रिल, ८ मिमीच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि ५० मिमीचे स्क्रू वापरून लावली. भोकाच्या तोंडाशी गिलाव्याची खपली निघाली, गिट्टी स्क्रूबरोबर गोल फिरू लागली आणि पट्टी हाताने ओढताच सुटली. मोठी भोके पाडून त्यांत लाकडी गिट्ट्या सिमेंटने बसवाव्यात, असे आता सुतार म्हणतो, तर गवंड्याच्या मते सगळा गिलावा काढून सिमेंटचा करावा. गिलावा काढण्याची आमची तयारी नाही, कारण तो बहुतेक ठिकाणी शाबूत आहे आणि जोत्यातून वर चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडून सुकते. सिमेंटच्या थरामागे ती अडकून राहील. या परिस्थितीत गिट्टी कोणती आणि किती लांब घ्यावी, आणि लाकडी गिट्टीचा मार्ग कितपत टिकाऊ आहे, हे ज्यांनी अशा भिंतींवर काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

५० मिमीच्या स्क्रूतून पट्टीची जाडी आणि ३० मिमी गिलावा वजा केला तर दगडात काहीच उरत नाही. आपली पट्टी केवळ गिलाव्यावर टांगलेली होती. पकड चिऱ्यातच हवी. चौकटी बसवण्यासाठी मिळतात तशा १० मिमी जाडीच्या लांब नायलॉनच्या गिट्ट्या स्क्रूसह घ्याव्यात आणि किमान ६० मिमी भाग चिऱ्यात जाईल अशी लांबी निवडावी. आपल्याकडे ती १२० मिमीच्या आसपास येईल.

ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा. जांभा मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे नुसत्या फिरकीने सहज कापला जातो; ठोके बसले की भोक वेडेवाकडे होते आणि गिलावा भिंतीपासून सुटतो. आधी ६ मिमीचे भोक पाडून बाहेर येणाऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवावे. पांढरी भुकटी संपून तांबडी, खरखरीत भुकटी येऊ लागली की चिरा लागला, आणि त्या खोलीवरून गिलाव्याची जाडीही कळते. बिट एकदम आत धसले आणि मऊ माती आली तर तो सांधा समजावा आणि चार बोटे सरकून दुसरे भोक घ्यावे. १० मिमीचे भोक झाल्यावर आतली धूळ फुंकून पूर्ण काढणे आवश्यक आहे; कंटाळा येतो, पण निम्म्या गिट्ट्या या धुळीमुळेच फिरतात.

लाकडी गिट्टी ओलीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसून सैल होते, शिवाय तिच्यात स्क्रू लाकडाच्या रेषांना समांतर जात असल्याने त्याची पकड मुळातच कमी असते. वाळवीचा धोका वेगळाच.

भिंत सपाट नसल्यामुळे स्क्रू आवळून पट्टी भिंतीला चिकटवण्याचा प्रयत्न करू नये. वाकवलेली पट्टी सतत गिट्टीला बाहेर ओढत राहते. पोकळी राहील तेथे स्क्रूच्या जागी मागे लाकडाची कपची द्यावी आणि वरची फट चुन्याच्या लगद्याने भरावी. स्कर्टिंगच्या मागच्या बाजूला आणि कापलेल्या टोकांनाही बसवण्यापूर्वीच जवसाच्या तेलाचे हात द्यावेत. समुद्र जवळ असेल तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

मूळ प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. भुकटीच्या रंगाची खूण सुतारालाही पटली. एकच अडचण उरते: पडवीत खुंटाळ्याच्या नेमक्या जागी बोटाने ठोकल्यास गिलावा पोकळ वाजतो. तेवढाच भाग काढून चुन्याने भरून घेतला, तर लगेच भार देता येईल का?

प्रतिसाद

भार चिऱ्यावर जाणार असल्यामुळे नवा चुना पूर्ण कडक होण्याची वाट पाहण्याची गरज नाही, मात्र गिलावा काढला आहेच तर चिरे आणि सांधे डोळ्यांना दिसत असतानाच भोके पाडून गिट्ट्या बसवाव्यात, त्यांची तोंडे कागदाच्या बोळ्याने बुजवावीत आणि मग गिलावा भरावा. चुना बाहेरून सुकला तरी आतून घट्ट होण्यास महिने लागतात, म्हणून खुंटाळ्याची फळी त्यावर दाबली जाणार नाही अशा बेताने गिट्टीच्या कडेला लांब वॉशर किंवा कपची ठेवावी. पडवीच्या छपराची तुळई जवळ आणि शाबूत असेल, तर खुंटाळ्याला वरून दोन उभ्या पट्ट्यांनी तिच्याशी जोडून घ्यावे. मग बराचसा भार तुळई घेईल आणि भिंतीतील गिट्ट्यांना फळी जागेवर धरून ठेवण्यापुरतेच काम उरेल.