दडपशाही, मुस्कटदाबी की गळचेपी?

प्रश्न : वैद्यकीय विद्यार्थी आणि प्रशिक्षणार्थी डॉक्टर यांच्या चळवळी सत्तेने कशा मोडून काढल्या, यावर मी लिहीत आहे. ‘दडपशाही’, ‘मुस्कटदाबी’ आणि ‘गळचेपी’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का?

उत्तर : वापरले जातात खरे, पण वापरू नयेत असे माझे मत आहे. ‘दडपशाही’त ‘शाही’ आहे, तेव्हा तिथे हुकूम काढणारी सत्ता दिसली पाहिजे. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा वैद्यकीय प्रवेशाच्या जागा वाढवण्याविरुद्ध फेब्रुवारीपासून काम सोडून बसलेल्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरांनी ४८ तासांत परत यावे, अन्यथा त्यांचे ‘छोदान’ केले जाईल, असे फर्मानात होते. या कोरियन शब्दाची छटा आपल्या ‘निकाल लावणे’सारखी आहे, त्यात निवाडाही बसतो आणि जीव घेणेही. डॉक्टरांना धमकीइतकाच हा शब्दही झोंबला. याला दडपशाहीच म्हणावे.

‘मुस्कटदाबी’ला बोलणारे तोंड लागते. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको नाताळ विद्यापीठात वैद्यकीचे विद्यार्थी असताना, १९६८ मध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र संघटनेच्या उभारणीत पुढे होते. १९७२ मध्ये त्यांचे शिक्षण तुटले आणि १९७३ मध्ये त्यांच्यावर बंदीहुकूम निघाला : एका वेळी एकाहून अधिक माणसांशी बोलायचे नाही, आणि त्यांचे म्हणणे इतरांनी छापायचेही नाही. इथे शब्द अक्षरशः लागू पडतो. मात्र १९७७ मध्ये कोठडीत झालेल्या डोक्याच्या जखमांनी ते गेले, त्याला मुस्कटदाबी म्हणणे म्हणजे गुन्ह्याला सौम्य नाव देणे होय.

प्रतिसाद : मग ‘गळचेपी’ कुठे उरते? मला तो शब्द मवाळ वाटतो.

उत्तर : तो संथ आहे, मवाळ नाही. आंतरवासिता (इंटर्नशिप) करणाऱ्याची नोंदवही डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पानाच्या तळाशी वरिष्ठांच्या सहीची रिकामी जागा असते, आणि ती भरल्याशिवाय पूर्ततेचा दाखला नाही, दाखल्याशिवाय डॉक्टर म्हणून कायम नोंदणी नाही. ज्याने निवेदनावर नाव घातले, त्याची वही ‘उद्या बघू’ म्हणून टेबलावर पडून राहते. हुकूम कुणी काढलेला नसतो, तोंडही कुणी दाबलेले नसते. फक्त श्वास घ्यायला जागा कमी कमी होत जाते. ‘चेपणे’ हे क्रियापद नेमके हेच सांगते, म्हणून वैद्यकीय शिक्षणापुरता मला हा शब्द तिन्हींत सर्वांत उपयोगी वाटतो.

जाता जाता : अशा प्रसंगी संस्थेच्या कागदांत ‘शिस्तभंग’ लिहिलेले असते. तो शब्द अवतरणचिन्हांत ठेवावा. आपल्या वाक्यात मोकळा सोडला, तर लिहिणाऱ्याने आरोप मान्य केल्यासारखे होते.