शाळेत मुलं आवडीनं वाचायला कशी लागली? नाशिककरांचे अनुभव

15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन होतो. एरवी वर्षभर काय करता? शिक्षक-पालकांनो, मोकळेपणानं लिहा.

जि. प. शिक्षिका, पेठ तालुका
आमची मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना सुरुवातीला परकीच. त्यात पुस्तकं कुलपात, कारण फाटली तर भरून कोण देणार! शेवटी खिडकीच्या गजांना सुतळी बांधून पुस्तकं त्यावर टांगली. फाटतात, हो. चौथीची मुलं मधल्या सुट्टीत चिकटपट्टी लावतात. दुसरीतल्या एका मुलीला जोडाक्षरं येत नव्हती. ती चित्रं बघून कोकणा बोलीतून स्वतःचीच गोष्ट रचायची आणि पहिलीची पोरं भोवती बसून ऐकायची. "असं लिहिलेलं नाही" म्हणून मी तिला एकदाही अडवलं नाही. दिवाळीनंतर ती ओळीखाली बोट ठेवून खरे शब्द शोधायला लागली. चुकलं की स्वतःच मागे यायची.

पालक, इंदिरानगर
मुलाच्या शाळेत प्रत्येक पुस्तकाचा सारांश आणि तात्पर्य वहीत लिहावं लागे. लेकानं पुस्तक घेणंच सोडलं. पालकसभेत आम्ही काहीजण बोललो, बाईंनी ऐकलं आणि वही बंद झाली. आता ज्याला सांगावंसं वाटतं तो शुक्रवारी सांगतो. हा क्रिकेटवरचंच वाचतो. वाचू दे की! बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट आहेत. ते आम्ही रात्री मिळून वाचतो.

माध्यमिक शिक्षक, सिडको
आठवीपुढे वेळच मिळत नाही, हे खरं आहे. ऑफ तासाला पुस्तकं वाटतो, तेवढंच. पण मीही तेव्हा वह्या न तपासता माझं पुस्तक काढून बसतो. मुलं बघतात.

आजोबा, पंचवटी
नातीला सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात नेतो. 1840 पासूनचं वाचनालय गावात असताना शाळांनी मुलांना एकदा तरी तिथं न्यावं, आणि पुस्तक त्यांनाच निवडू द्यावं.

ग्रंथपाल, नाशिकरोड
कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना 2009 साली नाशिकमधूनच सुरू झाली. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, काही महिन्यांनी बदलते. तेच आम्ही वर्गावर्गांत करतो. पेटीची नोंद मुलंच ठेवतात. पाचवीची पेटी सहावीत गेली की "ते भुताचं कुठंय?" म्हणून पाचवीवाले सहावीच्या दारात हजर! पहिली-दुसरीसाठी मात्र मोठ्या अक्षरांची पुस्तकं कमी पडतात. कुणाच्या घरी मुलं मोठी झाल्यामुळे पडून असतील तर जरूर कळवा.