नरखेडकडच्या आमच्या गावात समाजभवन बांधावं का?

संत्रावाला_नागपूर
आमचं गाव नरखेड तालुक्यातलं. तिथून नागपुरात येऊन स्थिरावलेली आम्ही काही कुटुंबं कोजागिरीला एकत्र जमतो. यंदा विषय निघाला की वर्गणी काढून गावात समाजभवन बांधायचं. ओळखीतल्या एका आर्किटेक्ट मुलीनं नकाशाही काढून दिलाय: मधे उघडा चौक, चारी बाजूंनी रुंद छपरी, पोलीस भरतीच्या पोरांसाठी अभ्यासिका, बचत गटाला संत्र्याचं सरबत, मुरंबा करायला खोली, वर कवेलू (कौलं).

गावाची गत सांगायला नको. विहिरी आटल्या, बोअर खोल गेले, बागा वाळल्या तशा लोकांनी तोडून कापूस-सोयाबीन घेतलं. पोरं बुटीबोरीला नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीत. माणसं एकमेकांना भेटतात ती मयतीला, नाहीतर निवडणुकीत. रोज टेकायला एक जागा असली तर बाकीचं हळूहळू सुरू होईल असं मला वाटतं. विरोधी मत असेल तर तेही बिनधास्त सांगा.

बुटीबोरी_शिफ्टवाला
राग नका मानू भाऊ, पण तुमचं भवन पाहून मी काहून परत येऊ? मले गावात पाणी पायजे अन् संध्याकाळची एसटी पायजे. काटोल, नरखेड, वरूड हा सारा पट्टा उपशानं कोरडा पडला, हे कोणाले माहीत नाही? तेवढ्या पैशात नाला खोल करा, दोन बंधारे घाला. पाणी टिकलं तर पोट्टे आपोआप येतीन, तुमच्या चौकात बसाले नाही, वावरात. कोजागिरीच्या दुधात गावाची आठवण लय गोड लागते, बाप्पा.

संत्रावाला_नागपूर
बंधारा कुठं घालायचा, कोणाच्या बांधावर, बोअरवर बंदी आणायची का, हे ठरवायला बसणार कुठं? गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे आदिवासी गाव बघा. २००९ मध्ये त्याला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, पण त्याआधी कितीतरी वर्षं गाव एकत्र बसून अभ्यास करत होतं, चर्चा करत होतं.

गडचिरोली_रिटर्न
मेंढ्याची अर्धीच गोष्ट सांगताय. तिथं घोटूल, म्हणजे गोंडांचं एकत्र जमायचं घर, गावानं स्वतः उभारलं. वनखात्यानं पाडलं तेव्हा पुन्हा उभं केलं. त्याचा नकाशा कोण्या शहरातून आला नव्हता आणि वर्गणी देणारे दूर शहरात राहत नव्हते. घोटूल हवं की नको, हे आधी गावानं ठरवलं होतं. तुमच्या ग्रामसभेनं असा ठराव केलाय का?

ग्रामसंघाची_ताई
मी शेजारच्या काटोल तालुक्यातली, उमेद या सरकारी अभियानातल्या बचत गटांचं काम बघते. आमच्या गावात सभागृह आहे की! २५१५ च्या, म्हणजे आमदारांनी सुचवलेल्या गावकामांच्या सरकारी निधीतून झालं, वर टिन, बाहेर उद्घाटनाची पाटी. किल्ली एका माणसाच्या घरी. आत लग्नाची भांडी, कोणाच्या तरी खताच्या बॅगा. पारा ४५ वर गेला की आत उभं राहवत नाही, आणि संडास बांधला पण नळ जोडलाच नाही. आम्ही बाया महिन्याची बैठक एका ताईच्या छपरीत घेतो. तिची सासू चहा देते, शिव्याही देते.

म्हणून दादा, तुमचा चौक छान असेल, पण चौकात पुरुष बसतील. बाई पारावर बसत नाही, चौकातही बसणार नाही. आम्हाला आतून कडी लागणारी एक खोली, पाणी असलेला संडास आणि सरबताची यंत्रं चालतील असं वीज कनेक्शन द्या. त्यासाठी नवीन इमारत कशाला? पट घटल्यामुळे झेडपीच्या शाळेत वर्गखोल्या रिकाम्या पडतात. जिल्हा परिषदेची परवानगी काढा आणि त्याच दुरुस्त करा. पोरांचा आवाज असलेल्या आवारात बाया येतात.

विटा_माती_चुना
ताईंचं शाळेचं पटलं. टिनाबद्दल मात्र बोलायलाच हवं. नागपूरहून तासा-दीड तासावर सेवाग्राम आहे, मे महिन्याच्या दुपारी बापूकुटीत जाऊन बसा. १९३६ मध्ये तिथं आदिनिवास, म्हणजे आश्रमातलं पहिलं घर, बांधताना गांधीजींची अट होती, खर्च पाचशे रुपयांच्या आत आणि सामान आसपासचंच. मातीच्या जाड भिंती, उतरतं छप्पर, खोल ओसरी. कूलरशिवाय बसता येतं. सरकारी सभागृहांना हे का सुचत नाही कोण जाणे.

बुटीबोरी_शिफ्टवाला
सेवाग्रामले सारवाले आश्रमाची माणसं हायेत. आमच्या गावात कोण सारवते? अन् कवेलूवर वानरं नाचतात, एका उन्हाळ्यात अर्धे फुटतात. फेरणारा माणूस भेटत नाही. म्हणून तर लोकांनी टिन टाकले, हौस म्हणून नाही.

विटा_माती_चुना
वानरांचा मुद्दा मान्य. मग वर स्लॅब, त्यावर पांढरा चुना, आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली देणारा मांडव. मातीचाच हट्ट नाही माझा, उन्हाचा विचार करा एवढंच.

निवृत्त_ग्रामसेवक
ग्रामपंचायतीला केंद्राकडून मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा (२०२१-२६) नियम सांगतो. ६० टक्के बंधित होते, ते पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेल्या अबंधित ४० टक्क्यांतूनही पगार देता येत नव्हता. म्हणजे अभ्यासिका उघडणारा, झाडणारा माणूस ग्रामपंचायत त्यातून ठेवू शकत नव्हती. भवन गावठाणात बांधलंत आणि ग्रामपंचायतीच्या नावावर केलंत, की मालकी तिची आणि देखभालही तिचीच. तुमच्या वर्गणीत वीजबिल आणि त्या माणसाचं मानधन धरलंय का?

संत्रावाला_नागपूर
सध्या फक्त बांधकामाचा अंदाज आहे. देखभालीसाठी दरवर्षी कोजागिरीला वेगळी वर्गणी काढू. शाळेच्या खोल्यांबद्दल विचारतो, पण परवानगी मुख्याध्यापकांच्या हातात नाही, फाईल फिरत राहते. आणि चौक मी सोडणार नाही. म्हाताऱ्यांना घराबाहेर बसायला काहीतरी पाहिजेच, त्यांची सोय शाळेत होत नाही.

ग्रामसंघाची_ताई
म्हाताऱ्यांसाठी पारावर नवं झाड लावा आणि ओटा बांधा, त्याला नकाशा लागत नाही. आमच्या खोलीची किल्ली मात्र ग्रामसंघाकडेच, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाकडेच, हे कागदावर लिहून द्या.

बुटीबोरी_शिफ्टवाला
अन् बंधाऱ्याचं?