जुना लॅपटॉप + ३.५ इंची हँडहेल्ड: यावर नेमके कोणते गेम घ्यावेत?

फलाट_क्र_३

नमस्कार मंडळी. हाताशी दोन यंत्रं आहेत.

लॅपटॉप: आय५-८२५०यू, इंटेल यूएचडी ६२० ग्राफिक्स, ८ जीबी रॅम, एसएसडी, पडदा १३६६×७६८, विंडोज ११.
हँडहेल्ड: ॲनबर्निक आरजी३५एक्सएक्स एच, १ जीबी रॅम, ६४०×४८० पडदा, म्यूओएस (हँडहेल्डची पर्यायी सिस्टीम) टाकलेलं.

हँडहेल्ड डोंबिवली-सीएसएमटी प्रवासात, लॅपटॉप रात्री घरी. अपेक्षा अशा: मधेच बंद केला तरी खेळ वाया जाऊ नये, आवाज बंद ठेवून खेळता यावा, अक्षरं दिसावीत. 'लो एंड पीसीसाठी ५० गेम' छापाच्या याद्या पाहून झाल्यात, त्यातल्या निम्म्या गेमना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. "नवा लॅपटॉप घ्या" हा सल्ला कृपया नको.

---

कळफलक

गेमच्या आधी रॅमचं बघा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स > मेमरीमध्ये 'स्लॉट्स यूज्ड' बघा. तिथे '१ ऑफ २' दिसलं तर निम्मं दुखणं तिथेच आहे. यूएचडी ६२० ला स्वतःची मेमरी नसते, ती तुमच्या रॅममधूनच घेते. डीडीआर४-२४०० ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला १९.२ जीबी, दोन असतील तर ३८.४ जीबी एवढा डेटा जाऊ शकतो. हीच वाट प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी वाटून घ्यायची असल्यामुळे दुसरी पट्टी टाकल्यावर जो फरक पडतो तो कुठल्याही सेटिंगने पडत नाही. घ्यायची ती ८ जीबी डीडीआर४ सोडिम (लॅपटॉपची छोटी रॅम पट्टी). २६६६ किंवा ३२०० ची मिळाली तरी चालते, ती २४०० वर उतरून काम करते. आधी मागचं झाकण उघडून दुसरा स्लॉट खरंच आहे का बघा. काही मॉडेलांत एक पट्टी बोर्डवरच डकवलेली असते.

दुसरं कारण उष्णता. या चिपला एकूण १५ वॉटचं बजेट, त्यात चार कोअर आणि ग्राफिक्स दोघांचं भागवायचं. प्रोसेसर टर्बोत (आपोआप वाढवलेल्या वेगात) ३.४ गिगाहर्ट्झकडे धावला की ग्राफिक्सच्या वाट्याला कमी उरतं, मग पहिली दहा मिनिटं गेम गुळगुळीत आणि नंतर धडपडत. यावर जुना पण खात्रीचा उपाय: कंट्रोल पॅनेल > पॉवर ऑप्शन्स > ॲडव्हान्स्ड > 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. टर्बो बंद होतो आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) स्थिर राहतात. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तसं असेल तर गेममध्येच फ्रेम ३० किंवा ६० वर बांधा. ४० ते ६० मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा बांधलेले ३० डोळ्यांना बरे.

आणि स्टीमच्या (पीसी गेम विकणारं ॲप) सेटिंग्ज > लायब्ररीत 'लो परफॉर्मन्स मोड' चालू करा. ८ जीबीत क्रोम उघडा ठेवून गेम खेळायचा हट्ट सोडा.

---

पिक्सेल_पाटील

रॅमबद्दल वरच्याशी सहमत. आता लॅपटॉपवरचे गेम.

डोळे झाकून घ्यावा असा एकच सांगायचा तर इन्टू द ब्रीच (२०१८). ८×८ चा पट, तीन यंत्रमानव, आणि शत्रू पुढच्या चालीत नेमकं काय करणार ते आधीच दिसतं. त्यामुळे हरलात तर नशिबाला बोल लावता येत नाही. ग्राफिक्सवर भार जवळजवळ नाहीच, आणि चाल अर्धवट टाकून उठलात तरी डाव तिथेच सापडतो.

स्ले द स्पायर (२०१९) दुसरा. पत्त्यांचा गेम. सेटिंग्जमध्ये 'बिगर टेक्स्ट' (मोठी अक्षरं) आहे, पहिल्यांदा तेच चालू करा. 'सेव्ह अँड क्विट' लढाईच्या मध्यात दाबलं तर परत आल्यावर ती लढाई सुरुवातीपासून होते, बाकी काही जात नाही.

हाताचा वेग लागणारं काही हवं असेल तर हॉलो नाइट (२०१७). पार्टिकल आणि ब्लर दोन्ही 'लो' वर, रिझोल्यूशन १२८०×७२०. पण हा गेम तुम्हाला बाकावर बसवूनच पुन्हा उभा करतो, म्हणजे मधेच बंद केलात की शेवटच्या बाकापासून परत चाला. रात्रीसाठी ठीक, प्रवासासाठी नाही. हेडीस (२०२०) त्या बाबतीत उदार आहे: मधेच बाहेर पडलात तर त्याच दालनाच्या सुरुवातीला परत येता. तोही ७२०पी वर, आणि शक्यतो दुसरी रॅम टाकल्यावर.

व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स स्वस्त आहे आणि दिसायला अगदी साधा, पण फसू नका. ३० मिनिटांच्या डावातल्या शेवटच्या दहा मिनिटांत पडद्यावर इतके शत्रू आणि आकडे उसळतात की प्रोसेसर दमतो. 'डॅमेज नंबर्स' बंद केलेत की बराच सुटसुटीत होतो.

थ्रीडी हवंच असेल तर पोर्टल २ (२०११). त्याचं सोर्स इंजिन जुन्या हार्डवेअरवर अजून छान पळतं. फुकटात काही हवं तर ओपनटीटीडी. रेल्वेचं जाळं टाकत बसा, आठवडे जातील.

शेवटी एक: स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. जो गेम चालेल की नाही याची शंका आहे तो घ्या, सगळ्यात गर्दीचा प्रसंग येईपर्यंत खेळा आणि मग ठरवा. मेनूतली फ्रेम बघून काही कळत नाही.

---

मेमरीकार्डवाली

हँडहेल्डवर जुने कन्सोल तर चालतीलच, पण तुमच्या अटींत खरा बसतो तो पोर्टमास्टर, म्हणजे पीसीचे गेम हँडहेल्डवर चालवून देणारं ॲप. म्यूओएसच्या ॲप्लिकेशन्समध्ये मिळेल, वायफाय लागतं. विकतच्या गेमांचा फक्त सांगाडा तो उतरवतो. गेमच्या फाइली तुमच्या विकत घेतलेल्या प्रतीतून तुम्ही टाकायच्या. फाइली लागत नाहीत असे गेम 'रेडी टू रन' गाळणीत सापडतात.

लोकलसाठी पहिला नंबर बालात्रो (२०२४). पोकरचे हात, १५० जोकर, आणि आवाजाशिवाय काहीच बिघडत नाही. स्टीममध्ये गेमवर उजवी क्लिक > मॅनेज > 'ब्राउझ लोकल फाइल्स', तिथली बालात्रोची .ईएक्सई फाइल उचलून हँडहेल्डच्या मेमरी कार्डावरच्या पोर्ट्स > बालात्रो फोल्डरमध्ये टाका. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो, घाईने पॉवर दाबू नका. मग सेटिंग्जमध्ये सीआरटी (जुन्या टीव्हीसारखा परिणाम) शून्यावर, शॅडोज बंद, 'रिड्यूस्ड मोशन' चालू आणि 'हाय कॉन्ट्रास्ट कार्ड्स' चालू. शेवटचं अगदी महत्त्वाचं, नाहीतर साडेतीन इंचावर किलवर आणि इस्पिक एकसारखेच काळे दिसतात.

सेलेस्ट (२०१८) मुळातच ३२०×१८० वर रंगवलेला आहे. दुप्पट केलं की ६४०×३६०, म्हणजे तुमच्या पडद्यावर वर-खाली ६० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या आणि मधे चित्र काटेकोर. पहिल्या वेळी तो टेक्सचर दाबून बसवतो, चार्जर लावूनच सुरू करा. मात्र उभ्याने, एका हाताने कडी धरून हा गेम होणार नाही हे आधीच सांगते.

स्टारड्यू व्हॅली चालतो, पण १ जीबीत काठावर. स्टीममध्ये प्रॉपर्टीज > बीटाज मधून 'कम्पॅटिबिलिटी' शाखा निवडून त्याच फाइली घ्या, मॉड टाकू नका. शिवाय तो फक्त झोपल्यावर सेव्ह होतो. गेममधला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा, तेव्हा ठाण्याच्या पुढे नवा दिवस सुरू करायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

सगळे इथेच चुकतात: जुन्या कन्सोलच्या गेमांना ते चालवणाऱ्या रेट्रोआर्च ॲपची सेव्ह-स्टेट (कुठल्याही क्षणी डाव जपायची सोय) असते, पोर्टना (पोर्टमास्टरच्या गेमांना) नसते. पोर्ट गेमच्या मेनूतूनच बंद करायचा. थेट पॉवर बटण दाबून बंद केलंत तर सेव्ह फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते.

आणि हँडहेल्डसोबत आलेलं मेमरी कार्ड आजच बदला. आतल्या सिस्टीमसकट पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढून चांगल्या कंपनीच्या कार्डावर उतरवा. नवं कार्ड बनावट निघू नये म्हणून आधी एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. ६४ जीबी छापलेलं असतं आणि आत ८ असतात असे प्रकार सर्रास आहेत.

---

डेक_आणि_दादर

अवांतर: कुणी स्टीम डेकचा (स्टीमचं स्वतःचं हँडहेल्ड) विचार करत असेल तर 'व्हेरिफाइड' शिक्का बघून थांबू नका, प्रोटॉनडीबी या साइटवर लोकांचे अनुभव वाचा. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट अँटी-चीटमुळे (फसवेगिरी रोखणारं सॉफ्टवेअर) स्टीमओएसवर, म्हणजे डेकच्या लिनक्सवर आधारलेल्या सिस्टीमवर, चालत नाहीत, आणि एपेक्स लेजेंड्सने २०२४ मध्ये लिनक्सचं दार बंद केलं. हलक्या टूडी गेमला डेकवर टीडीपी (चिपची वीजमर्यादा) ५ वॉटच्या आसपास आणा आणि फ्रेम ४० वर बांधा. बॅटरी कितीतरी जास्त टिकते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी (२०२०) आवडणारे इथे बरेच असतील. तो अनरिअल ४ या जड इंजिनवर आहे. डेकवर खेळा, यूएचडी ६२० कडून त्याची अपेक्षा ठेवू नका.

---

फलाट_क्र_३

सर्वांचे आभार. 'स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २' च निघालं, पट्टी मागवतो. बालात्रो घेतला, सांगितल्याप्रमाणे फाइल टाकली, पण पडदा काळा होऊन परत मेनूवर येतोय. आणि लॅपटॉपला वायरलेस गेमपॅड लावला तर बटणं मधेच दाबली जात नाहीत. त्याचा डाँगल (यूएसबी रिसीव्हर) लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी पोर्टात आहे.

---

मेमरीकार्डवाली

फाइल बहुतेक चुकीच्या कार्डावर गेलीय. दोन स्लॉट असतील तर पोर्ट्सचं फोल्डर दोन्हीकडे तयार होऊ शकतं. पोर्टमास्टरने ज्या कार्डावर सांगाडा उतरवला त्याच बालात्रो फोल्डरमध्ये .ईएक्सई हवी, आणखी एखाद्या उपफोल्डरमध्ये नाही. तरी जमलं नाही तर त्याच फोल्डरमध्ये लॉगची टेक्स्ट फाइल असते, तिच्या शेवटच्या दहा-बारा ओळी इथे डकवा.

---

कळफलक

निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्याचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि डाँगलचा सिग्नल तुटतो. काळ्या पोर्टात लावा. काळा मोकळा नसेल तर वीतभर एक्स्टेन्शन केबल घेऊन डाँगल लॅपटॉपपासून लांब ठेवा.