‘दोनशे वॅटचा स्पीकर’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न
स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘पॉवर हँडलिंग २०० वॅट’ असतं, ॲम्प्लिफायरच्या पत्रकात ‘आउटपुट १०० वॅट’. मराठीत दोन्हींना सर्रास ‘शक्ती’ म्हणतात आणि होम थिएटर जुळवताना घोळ होतो. वेगळे शब्द आहेत का?

प्रतिसाद
‘झेपणे’ आयतं आहे की. ॲम्प्लिफायर वॅट देतो, स्पीकरला ते झेपतात. नामच हवं तर ‘सहनमर्यादा’. (‘सोस’ नको, तो महागड्या स्पीकरवाल्यांना आधीच असतो.)

प्रतिसाद
‘मर्यादा’ आवडलं, कारण तेवढे वॅट द्यायलाच हवेत असं नाही. पण आवाज किती मोठा येईल, हे या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी ‘सेन्सिटिव्हिटी’ बघावी. कोशातलं ‘संवेदनशीलता’ वाचून स्पीकर हळवा वाटतो, म्हणून मी इंग्रजीच ठेवतो. अर्थ सरळ आहे: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. पत्रकात बहुधा २.८३ व्होल्ट लिहितात. ८ ओम (विजेला होणारा विरोध) असलेल्या स्पीकरला ते १ वॅट होतात, पण ४ ओमला २. त्यामुळे ४ ओमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबलने जास्त हुशार दिसतो.

आता हिशेब. सिनेमाच्या संदर्भ पातळीला (ज्या ठरलेल्या आवाजावर सिनेमाचा ध्वनी मिसळतात) मुख्य चॅनेलचा कळस १०५ डेसिबल. स्पीकर ८८ डेसिबलचा, तुम्ही ३ मीटरवर. अंतरामुळे मोकळ्या जागेत साडेनऊ डेसिबल जातात. उरलेली तूट साडेसव्वीस, म्हणजे क्षणभरासाठी सुमारे ४५० वॅट! बंद खोलीत भिंतींची मदत होते, एवढे लागत नाहीत. पण स्पीकर ९४चा असेल तर याच्या चौथाईत काम भागतं. मी तरी आधी सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघतो, वॅट नंतर.

प्रश्नकर्ता
आणि क्लिपिंगला ‘आवाज फाटणे’?

प्रतिसाद
अर्धंच बरोबर. फाटणं कानाला कळतं; क्लिपिंग ॲम्प्लिफायरमध्ये होतं, व्होल्टेज कमी पडून लहरीचे शेंडे छाटले जातात. थोडं छाटलं तर कळतही नाही. छाटलेल्या लहरीतून वरच्या कंप्रतांची भर पडते आणि ट्वीटर (स्पीकरमधला बारीक, उंच आवाजांचा भाग) तापतो. म्हणून छोटा ॲम्प्लिफायर कळ पूर्ण पिळून वाजवला, तर ‘कमी वॅट म्हणजे सुरक्षित’ हे खरं ठरत नाही.

प्रतिसाद
शब्दांचा कीस काढतोच आहोत तर ‘आरएमएस वॅट’ही (आरएमएस म्हणजे वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) चूक आहे. आरएमएस व्होल्टेजचं असतं, वॅट सरासरी असतात. पीएमपीओबद्दल (जाहिरातीतले फुगवलेले वॅट) न बोललेलंच बरं. ‘१०० वॅट प्रति चॅनेल’ हा आकडाही अनेकदा दोनच चॅनेल वाजवून मोजलेला असतो, तेवढी बारीक अक्षरं वाचा.

प्रश्नकर्ता
‘सहनमर्यादा’ घेतो. हेडरूमला (कळसांसाठी राखून ठेवलेली जादा क्षमता) ‘वाव’ चालेल?

प्रतिसाद
चालेल. फक्त ३ डेसिबल वाव म्हणजे दुप्पट वॅट, हे शेजारी लिहा. नाहीतर तो फुकट मिळतो असं वाटेल.